एकवीस मेची चाल

ओरुरो, ९ ऑगस्ट

पपा,

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. डॉन सेव्हेरो आणून देतील. तेही एलॉयसारखेच ट्रकवाले, बोलिव्हियाचे, आणि त्यांच्या मिशा तुम्हाला मुळीच आवडणार नाहीत. पण माणूस सरळ आहे. त्यांना फाटकाबाहेर उभं ठेवलंत तरी चालेल, पत्र तेवढं हातात घ्या.

मी बरी आहे. सुरुवातीला दम लागायचा, आता लागत नाही. खरं तर लागतो, चढावर. सासूबाई म्हणतात, "इतक्या उंचावर सगळ्यांनाच लागतो गं," आणि पाठीवर मक्याचं पोतं घेऊन माझ्यापुढे निघून जातात. थंडी अशी की सकाळी बादलीतलं पाणी फोडून घ्यावं लागतं. एलॉय महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर असतो. तुमच्या बंदरात येतो, माल भरतो, परत येतो. म्हणजे माझा नवरा माझ्यापेक्षा जास्त दिवस अरिकात असतो, हे तुमच्या लक्षात आलंय का?

आता कामाचं. हात बांधून घरात बसणं मला जमत नाही हे तुम्हाला माहीत आहे. शिक्षण कचेरीत गेले होते. खिडकीतल्या बाईनं माझ्या पदवीची झेरॉक्स दोन बोटांत धरून परत सरकवली. "मूळ प्रमाणपत्र आणा. त्याशिवाय इथं मान्यता नाही, आणि मान्यतेशिवाय तुम्ही शिक्षिका नाही."

मूळ कागद तुमच्या जेवणाच्या खोलीत आहे, आईच्या फोटोशेजारी. चौकट तुम्हीच करून आणली होती. मी निघताना तुम्ही म्हणालात, "बोलिव्हियनाच्या मागे जायचंय तर जा, पण या घरातली सुईसुद्धा नेऊ नकोस." नेली नाही. पण त्या कागदावर नाव माझं आहे, पपा. तो काढून सेव्हेरोंच्या हातात द्या. चौकट हवी तर ठेवून घ्या.

एलॉयनं नमस्कार सांगितलाय. म्हणजे सांगितलेला नाही, पण घरी असता तर सांगितला असता.

तुमची,
यास्ना


ओरुरो, ४ ऑक्टोबर

पपा,

सेव्हेरो हात हलवत परत आले. तुमचा निरोप त्यांनी सासूबाईंच्या देखत, स्वयंपाकघरात उभं राहून शब्दन् शब्द सांगितला. "त्या कागदाची जागा भिंतीवर आहे. तिला हवा असेल तर तिनं यावं, एकटीनं यावं, आणि राहावं." सासूबाईंनी चुलीवरून मान वर केली. "बाप आहे की जकात नाका?" मी हसले नाही. हसायला आलं होतं.

एकटीनं येऊ कशी? इथला माझा राहण्याचा परवाना एलॉयच्या नावावर लटकलेला आहे. माझा पासपोर्ट कचेरीच्या कपाटात आहे. परवाना हातात येण्याआधी हद्द ओलांडली की अर्ज रद्द, आणि सगळं पहिल्यापासून. तेव्हा तुमची अट मला पाळता येत नाही, आणि तुम्हीही हे जाणून असाल असं मला वाटतं.

काम शोधणं चालू आहे. पुस्तकांच्या दुकानात गेले. दारावर 'मुलगी पाहिजे' अशी पाटी. मी दोन वाक्यं बोलले. मालक म्हणाला, "चिलीची का?" मी हो म्हटलं. "जागा भरली," तो म्हणाला, आणि माझ्यादेखत पाटी सरळ केली. औषधाच्या दुकानात तसंच, बालवाडीत तसंच. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या लढाईत आपल्या पणजोबांनी यांचा समुद्र घेतला, त्याचा जाब मला नोकरी मागताना द्यावा लागतो. तोंड उघडलं की माझं गाव बाहेर पडतं.

म्हणून सध्या पहाटेपासून सासूबाईंच्या ठेल्यावर बसते. जांभळ्या मक्याचं गरम आपी आणि तळलेल्या पुऱ्या. मी ग्लास धुते. परवा एक गिऱ्हाईक माझं बोलणं ऐकून म्हणाली, "काय गं सातुर्निना, यांनी समुद्र नेला तो नेला, आता तुझा मुलगापण नेला?"

सासूबाई आपी ओतता ओतता म्हणाल्या, "मुलगा नेला नाही, सून आणली आम्ही. वसुली चालू आहे."

सगळा बाजार हसला. मीही हसले. मग ग्लास धुवायला खाली वाकले आणि बराच वेळ वर आले नाही. पपा, मी शिक्षिका आहे. ग्लास धुण्यात कमीपणा नाही, पण मी शिक्षिका आहे.

कागद पाठवा.

यास्ना


ओरुरो, २६ फेब्रुवारी

पपा,

नोकरी लागली! तिसरीचा वर्ग, अठ्ठावीस मुलं. हे वाचून तुम्ही मान हलवली असेल, थोडीशी का होईना, असं मी धरून चालते.

आता कशी लागली ते. आमच्या लग्नात एलॉयच्या मागे डॉन प्लासिदो उभे होते. इथं लग्नाला असा एक पाद्रिनो धरतात आणि मग जन्मभर त्याचा शब्द खाली पडू द्यायचा नसतो. दर रविवारी त्यांच्या घरी जायचं, पाव न्यायचा, ते सांगतील त्यावर "हो पाद्रिनो" म्हणायचं. त्यांची एक लहानशी खाजगी शाळा आहे. जानेवारीत एका रविवारी ते म्हणाले, "पोरीला घरी कशाला बसवता? माझ्याकडे पाठवा. फक्त एक. ती ताक्नाची आहे."

"मी अरिकाची आहे, पाद्रिनो," मी म्हटलं.

"ते मला माहीत आहे, तुला माहीत आहे. पालकांना कशाला हवंय? ताक्ना पेरूत. पेरूशी आमचं भांडण नाही. आणि अरिकापासून तासाभराचा रस्ता, बोलण्यात फरक तो कितीसा?"

मी एलॉयकडे पाहिलं. तो पावाकडे पाहत होता. "हो पाद्रिनो," तो म्हणाला. घरी येताना मी भांडले. "एक वर्ष गप्प राहा ना," तो म्हणाला. "पाद्रिनोला नाही म्हटलं तर गावात कुणी माझ्या दारात उभं राहणार नाही."

तर मी ताक्नाची आहे. हजेरीपटावर 'मदतनीस' म्हणून आहे, कारण करार केला तर कागद लागतात, आणि कागदांवर मी चिलीची. मुलं विचारतात, "बाई, ताक्ना कसं आहे?" मी ताक्नाला आयुष्यात चारदा गेले आणि चारही वेळा दात दुखत होता म्हणून. मी त्यांना दातांच्या डॉक्टरांच्या गल्लीचं वर्णन सांगते. त्यांना वाटतं, ताक्नात प्रत्येक दाराला एक मोठा दात टांगलेला असतो.

हे विनोदाचं झालं. विनोदाचं नाही ते पण लिहिते. गेल्या आठवड्यात समुद्राचा धडा होता. वर्गातल्या एकाही मुलानं समुद्र पाहिलेला नाही. पहिल्या बाकावरच्या एल्सिरानं विचारलं, "बाई, समुद्राचं पाणी थंड असतं का?" आणि मी म्हटलं, "असं म्हणतात."

असं म्हणतात! तुम्ही मला चार वर्षांची असताना पाण्यात टाकलं होतं, पपा. मी रोज शाळेआधी पोहायचे. आणि मी फळ्याजवळ उभी राहून म्हणते, असं म्हणतात. त्या दिवशी घरी आले आणि जेवले नाही. सासूबाईंनी माझ्यापुढचं ताट झाकून ठेवलं.

कागद आला तर मान्यता मिळेल, मान्यता मिळाली तर कुठल्याही शाळेत माझ्या नावानं, माझ्या गावासकट काम मागता येईल. नाही आला तर पाद्रिनो सांगतील ते गाव माझं. एवढंच आहे.

आता नवीन हुकूम. तेवीस मार्चला इथं समुद्राचा दिवस असतो. गेलेल्या समुद्रासाठी सगळ्या शाळा बँड घेऊन रस्त्यावरून संचलन करतात. आमचा बँड मी बसवायचा. "सगळे तेच तेच वाजवतात," पाद्रिनो म्हणाले. "काहीतरी नवीन बसव. आपली शाळा उठून दिसली पाहिजे."

ताल तुम्हीच शिकवलाय मला, टेबलावर बोटांनी. तेव्हा ते जमेल.

यास्ना


ओरुरो, २५ मार्च

पपा,

चूक झाली. सेव्हेरोंनी बंदरात सांगण्याआधी माझ्याकडून ऐका.

बेचाळीस मुलं, निळे पट्टे, हातात काठीवर कागदी होड्या. पुढे आठ ढोल, मागे शिट्ट्या. तीन आठवडे मी त्यांना शाळेच्या मागच्या मैदानात घासलं होतं. वारा इतका की शिट्टीचा आवाज तोंडातच राहायचा. पण मुलं तयार झाली, पपा, काय सांगू! पावलाला पाऊल.

मोठ्या रस्त्यावर ट्रकवाल्यांच्या संघटनेची कचेरी आहे. तिच्यासमोर गर्दी. आम्ही तिथं पोचलो आणि कुणीतरी मोठ्यानं हसलं. "अरे, ही तर एकवीस मेची चाल! अरिकाची!"

दुसरा म्हणाला, "दरवर्षी ऐकतो की! बंदर बंद ठेवतात, आम्हाला उपाशी रांगेत उभं करतात आणि हीच वाजवत जातात."

आधी हसू पसरलं. मग हसू थांबलं. ज्या लढाईत यांचा समुद्र गेला, त्याच लढाईतल्या आपल्या आरमाराचा तो दिवस, आणि त्या दिवसाची चाल यांची मुलं समुद्र परत द्या म्हणत वाजवत होती. एक बाई रांगेत घुसली आणि आपल्या मुलाला दंडाला धरून ओढून घेऊन गेली. बाकीची मुलं थांबली नाहीत. काहीही झालं तरी थांबायचं नाही, असं मीच शिकवलं होतं. मंचापर्यंत वाजवत गेली, मंचासमोर वाजवली, नीट संपवली. पाद्रिनो मंचावर होते. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि मग मुलांच्या होड्याच पाहत राहिले.

ती चाल तुमची आहे ना. वीस मेच्या संध्याकाळी तुम्ही बूट पॉलिश करायचात आणि गुणगुणायचात. दुसऱ्या दिवशी बंदराच्या कामगारांबरोबर चालायचात. मला ती बुटांची चाल म्हणून माहीत. ओठांवर आली, शिकवली. कुठून आली ते ध्यानातच आलं नाही.

गुरुवारी पालकांची सभा आहे.

यास्ना


ओरुरो, ६ एप्रिल

पपा,

सभेआधी पाद्रिनोंनी मला खोलीत बोलावून एक कागद दिला, टाइप केलेला. मी ताक्नाची आहे, चाल रेडिओवर ऐकली, अर्थ माहीत नव्हता, क्षमा असावी. "एवढं वाच आणि खाली बस," ते म्हणाले. "बाकीचं मी बघतो. तुझी नोकरी राहील."

सभागृह गच्च भरलं होतं. बायका पुढे, पुरुष भिंतीला टेकून. एलॉय सगळ्यात मागे. मी कागद उघडला. पहिली ओळ माझ्या नावाची होती, ती वाचली. दुसरी वाचता येईना. कागद घडी करून मुठीत धरला आणि म्हटलं, "मी अरिकाची आहे. माझे वडील बंदरात क्रेन चालवायचे. तुमच्यातल्या काहींचा माल त्यांनी चढवला असेल."

जो गलका झाला तो झाला. मग एक बाप उठला, खाणकामगार असावा, ओरडला नाही, अगदी हळू विचारलं. "म्हणजे आमच्या पोरांच्या तोंडून तुम्ही तुमचा विजय वाजवून घेतलात, बाई?"

त्याचं बरोबर होतं.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. त्या पालक नाहीत, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. हॅट सारखी करून म्हणाल्या, "ती अरिकाची आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. माझ्या घरात जेवते, माझे ग्लास धुते. चूक केली, तिला बोला. मी पण बोलणार आहे, घरी नेऊन. पण खोटं बोलायला तिला शिकवलं कुणी, ते पण विचारा." आणि सरळ पाद्रिनोंकडे बघितलं. बाजारात चाळीस वर्षं बसलेल्या बाईचं बघणं ते. पाद्रिनो म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." मला, त्यांना नव्हे.

तिसऱ्या दिवशी एलॉय ट्रकचे टायर तपासता तपासता म्हणाला, "ताक्ना म्हणाली असतीस तर सोपं गेलं असतं." मग उठून हात पुसले. "पण मी ताक्नाच्या मुलीशी लग्न केलेलं नाही." रविवारी आम्ही पाद्रिनोंकडे पाव नेला नाही. इथं याचा अर्थ काय होतो, ते तुम्हाला तिथं बसून कळणार नाही. एलॉयला गेल्या आठवड्यात दोन खेपा मिळाल्या नाहीत.

आता पुढचं लिहिते. गेल्या पत्रात मी तुमच्याशी खोटं बोलले. चाल कुठून आली ते मला माहीत होतं. पहिल्या तालमीला खरंच आपोआप आली. पण दुसऱ्या तालमीला ढोल बरोबर बसले आणि मला सगळा रस्ता दिसला, तुम्ही, तुमचे चकचकीत बूट, आई फुटपाथवरून हात हलवतेय. तेव्हाच बदलायला हवी होती. वेळ होता. मी बदलली नाही. मला वाटत होतं, कुणीतरी ओळखावं. मी सांगायचं नाही, पण कुणीतरी ओळखावं. ताक्ना, ताक्ना म्हणून माझा जीव गुदमरला होता, पपा.

मुलांचा विचार केला नाही. एल्सिरा परवा ठेल्यावर आईबरोबर आली होती. "बाई, आम्ही चुकीचं वाजवलं का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, तुम्ही अगदी बरोबर वाजवलंत, चुकीचं मी शिकवलं. मग तिनं इकडं तिकडं पाहून विचारलं, "मग थंड असतं का?" मी सांगितलं. खूप थंड असतं, पहिल्यांदा ओरडायला येतं, मग बाहेर यावंसं वाटत नाही. तिच्या आईनं तिला ओढलं नाही. ग्लास संपेपर्यंत थांबली.

मला घेऊ नका, असं पाद्रिनोंनी बाकीच्या खाजगी शाळांत सांगून ठेवलंय. आता उरली ती सरकारी मान्यता, म्हणजे तुमच्या भिंतीवरचा तो कागद. शेवटचं मागते.

यास्ना


ओरुरो, ३० एप्रिल

पपा,

कागद मिळाला.

सेव्हेरोंनी काल केळ्यांचा मोठा खोका आणून अंगणात ठेवला. मी कात्री आणायला धावले. दोरीच्या गाठी तुमच्या होत्या, बंदरातल्या. कापवेनात म्हणून सोडवत बसले. वर चौकटीसकट प्रमाणपत्र. मी ते छातीशी धरून अंगणात नाचले, खोटं कशाला सांगू. सासूबाई म्हणाल्या, "सुटली एकदाची!"

मग खाली पाहिलं. माझी पोहण्याची पदकं. शाळेचा निळा स्वेटर. चर्चमधल्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा फोटो, पांढऱ्या झग्यातला. माझ्या वह्या, माझा कप, माझ्या उशीचा अभ्रा धुऊन घडी केलेला. आईनं भिंतीवर माझी उंची मोजायला लावलेली कागदी पट्टी, तीही अलगद सोलून, गुंडाळून. तळाला माझ्या खोलीच्या दाराची नावाची पाटी, तिचे दोन खिळे एका पाकिटात.

चिठ्ठी नाही. सगळा खोका दोनदा पालथा केला. सेव्हेरोंना तीनदा विचारलं, पपा काही बोलले का?

"चालीचं त्यांना कळलंय. बंदरात सगळ्यांनाच कळलंय," ते म्हणाले. "बोलले काही नाहीत. गाडीत ठेवताना म्हणाले, नीट बांधा, रस्ता खराब आहे."

मला इतके महिने हवा होता तो कागद तुम्ही दिलात आणि त्याबरोबर मला घरातून काढलंत. रात्र पडेपर्यंत मी त्या अंगणात बसले होते. यांच्या सभागृहात मी अरिकाची आहे म्हणून उभी राहिले, नोकरी घालवली, नवऱ्याच्या खेपा घालवल्या; आणि अरिकात माझ्या नावाची पाटी तुम्ही हातानं उखडत होता. मला राग आलाय, पपा. फार राग आलाय. आणि तुम्ही उशीचा अभ्रा धुतलात हे कळल्यापासून तो राग कुठं ठेवू तेही कळत नाही.

आज कचेरीत गेले. त्याच खिडकीतल्या बाईनं कागद उजेडात धरून पाहिला, शिक्का मारला, दोन महिन्यांनी या म्हणाली. अर्जात जन्मगावाचा रकाना होता. मी अरिका लिहिलं. तिनं वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा अर्ज घेतला.

कागद मी ठेवून घेतलाय. बाकीचा खोका सेव्हेरोंबरोबर परत पाठवते. ते कुरकुरले, "मी काय तुम्हा बापलेकीचा हमाल?" पण घेतला. गाठी मी तुमच्यासारख्याच मारल्यात. त्या वस्तू त्या घरातल्या आहेत आणि त्या घरातली सुईसुद्धा मी नेणार नाही, असं तुम्हीच बजावलं होतंत. टाकायच्याच असतील तर तुम्ही टाका, स्वतःच्या हातानं, माझ्या हातून ते होणार नाही. मी माझी खोली सोडलेली नाही. पाटी दाराला परत लावा. खिळे पाकिटात आहेत.

यास्ना